बांगड्यावर पेढा

आमच्या गंगारामभाऊजींच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी: चालणाऱ्या आणि विरुद्ध. मासे नि दूध विरुद्ध. उन्हातून येऊन ताक पिणं विरुद्ध. नव्या सोफ्यावर मी जुनी उशी ठेवली, तर तीही विरुद्ध. जाऊबाई गेल्यापासून त्यांच्या स्वयंपाकघरात मीच असते, म्हणजे हा शब्द मला मिठापेक्षा जास्त पुरलाय. त्यामुळे त्यांच्या एकुलत्या लेकीने, समीक्षाने, साताऱ्याच्या ऋत्विकचं नाव काढलं तेव्हा निकाल मला आधीच कळला.

"माळकऱ्यांचं घर! आणि आमची पोर बांगड्याशिवाय जेवत नाही. विरुद्ध."

समीक्षा रडली नाही, भांडली नाही. बापाशी बोलायचीच थांबली. महिनाभराने भाऊजी म्हणाले, "येऊ देत बघायला. नाही म्हणायला काय लागतं?"

पाहुणे रविवारी यायचे, ते गणपतीपुळ्याला जाता जाता शनिवारीच टपकले. भाऊजी तिसरा बांगडा संपवून हात धूत होते. मी खिडक्या उघडल्या, मूठभर उदबत्त्या पेटवल्या. ऋत्विकची आई आली ती कंदी पेढ्यांचा बॉक्स उघडतच. "तोंड गोड करा, भाऊ," म्हणाली आणि पेढा थेट भाऊजींच्या तोंडात.

त्यांना गिळवेना, थुंकवेना. समीक्षा बघत होती, महिन्यात पहिल्यांदाच सरळ त्यांच्या डोळ्यांत. भाऊजींनी डोळे मिटले आणि गिळला.

पाहुणे गेल्यावर म्हणाले, "मासा नि दूध. आता अंगावर कोड उठणार."

"एका पेढ्याने?" मी विचारलं.

"तुला काय कळतंय गो! सकाळपर्यंत काही उठलं नाही, तर कळवा त्यांना हो म्हणून."

लेकीचं लग्न पेढ्याच्या पचनावर ठेवणारा बाप अख्ख्या रत्नागिरीत दुसरा नसेल.

सकाळी ओटीवर बसून त्यांनी दोन्ही हात उजेडात धरले. समीक्षा कोरा चहा घेऊन शेजारी उभी. डाव्या मनगटावर पांढुरका पट्टा निघाला.

"हे बघ," ते म्हणाले. पोरीचा चेहरा उतरला.

"भाऊजी, तो घड्याळाचा आहे," मी म्हटलं. "कित्येक वर्षांचा."

"माहीत आहे मला." मग त्यांनी आत जाऊन घड्याळ आणलं, तो पट्टा झाकला आणि समीक्षाच्या हातातला कप मागे सारला.

"दुधाचा आण. आणि लाव त्या बाईला फोन. विचार, साखरपुड्याला पेढे ह्याच दुकानातले आणणार ना."