हौसाबाईंच्या मेंदूतला जुना धागा

मित्रांनो, मी हौसाबाईंच्या मेंदूतल्या एका पेशीतलं जुनं जनुक आहे. आईबापाकडून आलेल्या मजकुराचा तुकडा, कांडीवर सूत गुंडाळावं तसा प्रथिनांच्या रिळावर गुंडाळलेला. मजकूर जन्मभर तोच. पण वाचला जायला मला उलगडावं लागतं. रीळ सैल करणाऱ्या आणि आवळणाऱ्या बारीक रासायनिक खुणा आमच्यावर चढतात, उतरतात. माझी मर्जी कोणी विचारत नाही.

तरुणपणी हौसाबाई भिवंडीत लूमवर तुटलेल्या धाग्याची गाठ मारायला शिकल्या. काय धावपळ होती तेव्हा! त्यांची बोटं चालायची आणि इकडे मी उलगडायचो. माझ्यासारख्या कितीतरी जनुकांच्या मजकुरावरून प्रथिनं बनायची, पेशींची जोडणी पक्की व्हायची. कौतुक मात्र बोटांचं झालं.

पुढे लूम भंगारात गेले. हौसाबाई जवळच्या राहनाळ गावातल्या गोदामात खोकी उचलू लागल्या. नवं शिकण्यासारखं काही नव्हतं, मी पडून राहिलो.

यंदा गोदामात स्कॅनर आले. आधी खोकं ठेवायच्या खणावर उजेड मारायचा, मग खोक्यावर. हौसाबाई नेमकं उलटं करायच्या आणि यंत्र किंचाळायचं. सुपरवायझर मितेश सगळ्यांसमोर ओरडला, "मावशी, डोकं घरी ठेवून येता काय? शनिवारपर्यंत जमलं न्हाय, तर सोमवारपासून येऊ नका."

घर त्यांच्याच पगारावर चालतं. त्यांची झोप उडाली. त्या काळजीने माझं रीळ आणखी आवळलं गेलं. खरं सांगतो, मी आशा सोडली होती.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लूमवरची जुनी सोबतीण, आता इथेच कामाला असलेली रूपा शेजारी येऊन बसली. लूमच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून या बायका हातांनी बोलत. रूपाने तसाच पंजा उघडून खण दाखवला, मूठ मिटून खोकं दाखवलं. हौसाबाईंना हसू आलं. पंजा, मूठ. पंजा, मूठ. घरी भाकरी थापतानाही तेच चाललं होतं. मग गाढ झोप लागली आणि मला, म्हाताऱ्याला, पुन्हा कामाला जुंपलं.

शनिवारी यंत्र गप्प राहिलं. मितेश मग नव्याने आलेल्या भावना नावाच्या मुलीवर ओरडायला वळला. हौसाबाई मध्ये पडल्या, "वरडतोस कशाला रं तिला? हातानं दाखव. शिकंल ती."

मित्रांनो, मी फार दमलोय. कौतुक नको, पण शिकणाऱ्याच्या अंगावर ओरडू नका. ओरडणारा संध्याकाळपर्यंत विसरून जातो. मितेशचं ते वाक्य मात्र अजून इथेच आहे, लूमवरच्या त्या गाठीशेजारी. तेही जपायचं काम आमच्याच गळ्यात पडलं.