कोरडं पत्र

रेंजर बाईंनी तीस वर्षांत पंचवीसएक मुलं घडवली होती. वनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं कॉलेजकडून त्यांच्याकडे यायची, त्यांच्यामागे जंगल तुडवायची आणि नोकरीला लागली की दूर निघून जायची. बाईंना त्याचं कधी काही वाटलं नाही. पण खारुताईची गोष्ट वेगळी होती.

खारुताई हे नाव बाईंनीच ठेवलेलं. पोरगी उभ्या चढावर अशी सरसर जायची की बघणाऱ्याला धाप लागावी. झाडाचा घेर कुठे मोजायचा, उतारावर टेप वरच्या बाजूने उभं राहूनच का धरायचा, लाकूडतोड्यांशी कसं बोलायचं, हे सगळं तिने बाईंच्या हाताखाली गिरवलं. घरी यजमान थट्टा करायचे, "आपल्याला मुलगी नाही कोण म्हणतं?"

त्याच वर्षी कॉलेजात एक तरुण संशोधक आला. डोक्यावर कायम टोपी, हातात ड्रोन. दहा दिवसांत खारुताईच्या तोंडी त्याच्याशिवाय दुसरं नाव नाही.

"बाई, सर म्हणतात अख्ख्या डोंगराची झाडं एका सकाळी मोजून होतात!"

"हो का? मग आम्ही तीस वर्षं माश्याच मारत होतो म्हणायचं."

पोरगी हसली. तिला वाटलं बाई गंमत करतायत. बाईंच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. आम्ही पाया रचायचा आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा वर जाऊन बसणार! त्या दिवसापासून बाईंना टोपी दिसली तरी डोकं चढायचं.

तेवढ्यात एका मोठ्या वनप्रशिक्षण संस्थेची जाहिरात आली. अर्जाला दोन शिफारसपत्रं लागत होती. खारुताईने एक टोपीवाल्याकडे मागितलं, दुसरं बाईंकडे.

"त्याच्याकडे आधी गेलीस की माझ्याकडे?" बाईंनी विचारलं.

"ते कॉलेजातच भेटले म्हणून..." ती गोंधळली.

बाईंनी पत्र लिहिलं. चार ओळी. विद्यार्थिनी नियमित आहे, वर्तन चांगले आहे, नेमून दिलेले काम करते. खोटं एक अक्षर नव्हतं, पण जीवही नव्हता. सही करण्याआधी त्यांनी ते एकदा वाचून पाहिलं. तरी त्यांनी पाकीट चिकटवलं.

तीन आठवड्यांनी रेंज ऑफिसात फोन वाजला. निवड समितीतले एक वयस्कर अधिकारी बोलत होते.

"तुमचं पत्र समोर आहे. दुसऱ्या पत्रात लिहिलंय की हिला जे येतं ते सगळं तुम्ही शिकवलंय, त्यात लिहिणाऱ्याचं काही श्रेय नाही. आणि तुम्ही मात्र चार ओळी लिहिल्यात. मुलीत काही खोट आहे का? असेल तर स्पष्ट सांगा."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आता मूग गिळून बसलं की पोरीचं वर्ष बुडणार.

"खोट तिच्यात नाही, साहेब. पत्रात आहे," त्या म्हणाल्या. आणि मग सांगत सुटल्या. एका झाडाचा आकडा शंकास्पद वाटला म्हणून भर उन्हात दोन मैल माघारी गेलेली पोरगी. वणव्याच्या वेळी गावकऱ्यांना समजावून हातोहात बादल्या पोचवायला रांग लावणारी पोरगी. वीस मिनिटं त्या बोलत होत्या.

खारुताईची निवड झाली. ते बाईंना कळलं टोपीवाल्याकडून, कारण तिने आधी त्यालाच कळवलं होतं. पोटात दुखायचं ते दुखलंच.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा बाईंनी सगळं सांगून टाकलं. "पत्र मी मुद्दाम कोरडं लिहिलं. मला त्याचा हेवा वाटला."

खारुताईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही रागावलाय हे दिसत होतं, बाई. माझं काय चुकलं तेच कळत नव्हतं. महिनाभर मी तेच शोधत होते."

"तुझं काही चुकलं नाही, बाळा."

ती वाकून नमस्कार करून गेली, पण नेहमीसारखी बडबडली नाही.

पुढच्या वर्षी दोन नवी मुलं आली. पहिल्याच आठवड्यात बाईंनी टोपीवाल्याला फोन लावला. "तुमचं ते उडतं यंत्र घेऊन या," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "मलाही दाखवा."