ताईचं घड्याळ आठ तास मागे

बाबा घड्याळजी आहेत. दोन घड्याळांत फरक दिसला की त्यातलं एक बिघडलेलं असतं, या एका तत्त्वावर आमचं दुकान आणि घर दोन्ही चालतं. ताई नोकरीसाठी परदेशी निघाली तेव्हा तिच्या तिकिटावर बाबांनी वाचलं : सुटणार सकाळी दहाला, पोचणार दुपारी एकला.

"तीन तास! तुझी आत्या याहून लांब राहते."

"बाबा, एक म्हणजे तिथले एक. प्रवास अकरा तासांचा आहे."

"तिथले म्हणजे? वेळ काय चप्पल आहे, ज्याच्या त्याच्या मापाची?"

मी संत्रं आणि टॉर्च घेऊन त्यांना पृथ्वी समजावली. बाबांनी टॉर्चच्या उजेडात पृथ्वी सोलली आणि अर्धी मला दिली.

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "राहू दे रे. पोरगी तीन तासांवर आहे म्हणून झोप तरी लागते त्यांना."

मग मीही गप्प बसलो.

ताईचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा आमच्याकडे दिवे लागलेले असायचे आणि तिच्या खिडकीत टळटळीत ऊन. "तिकडे दिवस मोठा दिसतो," बाबा म्हणायचे. उन्हाचं त्यांना काही नव्हतं. तिच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ मात्र बघवेना. चक्क आठ तास मागे! घड्याळजीची मुलगी, लोक काय म्हणतील?

"सेल बदल गं."

"बदलला, बाबा."

"मग काटा अडकत असेल. तू हात लावू नकोस, मी येतो."

आत्याकडे एक रात्र न राहणारा माणूस विमानात बसायला तयार झाला. तीन तासांचा तर प्रश्न होता! हत्यारं बॅगेत गेली, भिंग खिशात.

उतरल्यावर त्यांनी ताईला आधी तक्रार सांगितली. "विमान आठ तास लेट. पण एक माणूस भांडला नाही बघ. फार सोशिक लोक." ताई आधी हसली की आधी रडली, हे तिलाही नीट सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकान आवरत होतो, तेव्हा बाबांचा फोन आला.

"उघडलं घड्याळ."

"मग?"

"त्याला काही झालेलं नाही. शेजारणीचं तेवढंच मागे आहे. खालच्या बेकरीतलंही. चौकातलं मोठंसुद्धा." मग म्हणाले, "फार लांब राहते रे ही."

"हो बाबा."

"आणि फोनवर कधी बोलली नाही. रोज आपलं, मी मजेत आहे, मजेत आहे."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"होतं तसंच लावून ठेवलं," ते म्हणाले. "तिला तेच लागतं." मग जरा अवघडून विचारलं, "तिकडे किती वाजले?"

बाबांनी त्याआधी कधी कुणाला वेळ विचारली नव्हती. मी उगाचच दोन घड्याळं पाहून खात्री केली.

"सहा."

"म्हणजे आईचा चहा झाला असेल. ही आत्ता कुठे कामाला निघतेय. तू फोन ठेवू नकोस हं, मी हिला दारापर्यंत सोडून येतो."