राजवर्धनचा चट्टा मी झाकला

मित्रांनो, शेपटाकडून गुंडाळत चपटी केलेली मी एक मलमाची ट्यूब आहे. सध्या सांगलीच्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पडून आहे. पेशंटला दाखवायला मी उपयोगी पडते. एवढाच आता माझा मान.

माझ्या पोटात तीन-चार औषधं एकत्र भरलेली आहेत. त्यातलं एक स्टेरॉईड. ते खाज आणि लाली झटकन घालवतं, आणि नायट्याला आतून मोकळं रान देतं. आटपाडीच्या औषधाच्या दुकानात कुणी डॉक्टरची चिठ्ठी विचारली नाही. जोतीरामांनी मला त्यांच्या पोरासाठी घेतलं.

त्यांची सारी हयात मेंढरांमागं गेली, पण पोरगा सैन्यात जावा, एवढीच त्यांची इच्छा. राजवर्धन तासगावला भरतीच्या ॲकॅडमीत राहत होता. तिथं पळण्याचा सराव करून आल्यावर ओल्या चड्ड्या एकाच दोरीवर, आणि हाताला येईल तो टॉवेल आपला. त्याच्या कंबरेला गोल चट्टा उठला, तेव्हा खोलीतल्या दानिशने माझ्यासारखीच एक ट्यूब पुढं केली.

"लाव रं गड्या, तीन दिसांत गायब हुतंय."

झालाही गायब! काय कौतुक झालं आमचं! मग राजवर्धनने घरी मलमाचं नाव कळवलं. जोतीराम एसटीच्या ड्रायव्हरकडे भाकऱ्यांचं गाठोडं द्यायचे, त्यात दर आठवड्याला नवी ट्यूब असायची. असे पाच महिने गेले. चट्टा लाल दिसत नव्हता, म्हणून राजवर्धन निर्धास्त होता. नायटा मात्र मांड्यांवर, पाठीवर पसरत होता. मला कळत होतं, पण मी सांगणार कशी?

भरती आली, आणि राजवर्धनने पळण्याची मैदानी चाचणी मारली. मेडिकलला अंगाला काही लावलेलं चालत नाही, असं कुणीतरी म्हणालं, म्हणून त्याने दहा दिवस आधी मलम बंद केलं. नायटा दुप्पट जोराने वर आला. मेडिकलमध्ये तो अनफिट ठरला. तीन आठवड्यांनी फेरतपासणी होती, म्हणून बापलेक धावत सांगलीला आले.

डॉक्टरीणबाईंनी मला उलटून वाचलं. "यानं नायटा फक्त झाकला. आता बरा व्हायला काही महिने लागतील. या मलमानं कातडी पातळ होऊन मांडीवर पडलेले हे व्रण तर जाणारच नाहीत."

"म्हयने न्हाईत ओ मॅडम," राजवर्धन म्हणाला. "फुडच्या भरतीला माझं वय बसत न्हाई."

जोतीरामांनी खिशातून एक कोरी ट्यूब काढून माझ्याशेजारी ठेवली. "आवं, ही आजच घेतलीया. दर खेपंला मीच धाडत हुतो." ते उभ्या उभ्याच रडायला लागले. राजवर्धनने मान वर केली नाही.

मित्रांनो, गोल चट्टा उठला तर लाजू नका. टॉवेल वेगळा ठेवा, डॉक्टरला दाखवा आणि माझ्यासारखीला हात लावू नका. घरच्या मोठ्यांनाही हे सांगा. जोतीरामांना कुणी सांगितलं नव्हतं.