माझ्या पोटातल्या दोन मृणाल

माझ्यावर वॉटर फिल्टरचं खोकं ठेवलंय म्हणून मला टेबल समजू नका, मित्रांनो! मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे पुष्कळ माहिती पोटात साठवून मागेल त्याला देणारा संगणक. आंबिवलीच्या एका कॉलेजात मी आलो, तेव्हा माझा काळा अंगरखा कसा चकाकायचा! खंडेनवमीला मला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हारही पडला.

मला सांभाळणाऱ्या रसिकाताई आणि त्यांचा मदतनीस सुशांत यांनी माझ्यावर मोठं काम सोपवलं. देशातल्या कुठल्या विद्यापीठात कोण कसलं संशोधन करतंय, ते एका जागी, कुणालाही फुकट पाहता यावं. गावोगावचे लेख यायचे आणि मी ते ज्याच्या त्याच्या नावावर लावायचो. कौतुक इतकं झालं, की माझा पंखासुद्धा ऐटीत घुरघुरायचा.

एका दुपारी मृणालताई आल्या. कोलशेतला खाडीचं पाणी तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आता खाडीच्या मोठ्या अभ्यासाचं नेतृत्व त्यांना हवं होतं, आणि निवड समिती माझ्याकडचीच माहिती पाहणार होती.

"अगं रसिका, तुझ्या मशीनने मला अर्धीच ठेवलीय! लग्नाआधीचं सगळं काम गायब!"

सुशांतने शोधलं. "गायब नाही मॅडम, दुसरीकडे गेलेलं. मृणाल चांगदेव जाधव वेगळी, मृणाल सम्यक गायकवाड वेगळी. सिस्टिमला तुम्ही दोन बायका वाटताय."

"वडिलांचं नाव गेलं, नवऱ्याचं आलं. पण पाण्यात उतरलेली मीच होते ना रे?"

रसिकाताईंनी कपाळाला हात लावला. पूर्ण नाव जुळलं तरच माणूस एक, हा नियम त्यांचाच. लग्नानंतर स्वतः नाव बदललेल्या बाईला हे सुचू नये! दिव्याखाली अंधार, दुसरं काय? त्यांनी स्वतःला शोधलं, तर त्याही दोन निघाल्या. मला फार वाईट वाटलं.

"अंदाजाने जोडून टाकू?" सुशांतने विचारलं.

"नको रे, अंदाज चुकला तर आणखी घोळ होईल. जिचं नाव तिलाच विचारायचं."

मग प्रत्येकाला आपली जुनी-नवी नावं सांगायची सोय झाली. मृणालताईंनी पहिल्यांदा बटण दाबलं आणि माझ्या पोटातल्या दोघी एक झाल्या. खाडीचा अभ्यास त्यांनाच मिळाला. पाठोपाठ देशभरातून बायका आपलं माहेरचं काम मागायला आल्या. काय आनंदाचे दिवस होते ते!

पुढे पसारा वाढला. काम नव्या, दणकट यंत्रांकडे गेलं आणि माझी वायर निघाली. गरज सरो, वैद्य मरो. राग आला नाही असं कसं म्हणू? गेल्या खंडेनवमीला हार नव्यांनाच पडले. मृणालताई मात्र कोपऱ्यात आल्या. खोकं उतरवून त्यांनी ओढणीने माझी धूळ पुसली. म्हणाल्या, "मी अख्खी दिसले ती पहिल्यांदा ह्याच्यात." त्या गेल्यावर कुणीतरी खोकं परत ठेवलं.

मित्रांनो, जुन्या यंत्रावरची धूळ अधूनमधून झटकत जा. ते नाही जमलं तरी चालेल. पण कुणाच्या कामाचं मोजमाप करायला बसाल, तेव्हा आधी तिला एवढं विचारा: "ताई, तुमचं पूर्वीचं नाव काय होतं?"