चुना लावलेलं शेत

दवाखाना मुलीच्या हाती सोपवल्यावर डॉक्टरांना शेतीची हुक्की आली. जन्मभर लोकांचे दात उपटले, आता काहीतरी पेरून बघू, असं ते स्वतःच सांगत सुटले. त्यांच्या थोरल्या बहिणीची, ताईंची, रेताड जमीन पडून होती. तिथे ल्युपिन लावायचं ठरलं. शेंगांचं पीक, दाण्यात प्रथिनं भरपूर. बी विकणाऱ्याने बजावलं होतं की याला हलकी, जराशी आम्लधर्मी जमीनच मानवते, वरून काही घालू नका.

पण दातांच्या डॉक्टरांना कॅल्शियमवाचून कुणाचं भलं होतं हे पटेना. ताई गावाला गेल्याचं पाहून त्यांनी चुन्याची पोती आणली आणि चुना फावड्याने शेतभर उधळायला घेतला. अर्धं शेत पांढरं झालं आणि कंबरेत अशी उसण भरली की सरळ अंथरूणच धरलं. काम अर्धवट राहिल्याची हळहळ त्यांना पेरणी होईपर्यंत पुरली.

रोपं वर आली तेव्हा चुन्याकडची पिवळी पडून खुरटली. उरलेल्या अर्ध्यात मात्र पीक मांडीला लागलं, पांढऱ्या फुलांचे तुरे आले, मधमाश्यांची रीघ लागली.

कृषी अधिकारी बघायला आल्या. एकाच शेताचे असे दोन रंग कसे, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी घसा साफ केला. तुलनेसाठी मुद्दाम प्रयोग केला, असं ते बोलूनही गेले. ताई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. ती नजर डॉक्टरांना लहानपणापासून ठाऊक होती.

"खरं सांगायचं तर," ते कान खाजवत म्हणाले, "सगळीकडेच टाकणार होतो. कंबर गेली म्हणून अर्धं पीक वाचलं."

"लोक परक्याला चुना लावतात," ताई शांतपणे म्हणाल्या. "याने सख्ख्या बहिणीला लावला."

अधिकारी हसू दाबत बांधावरून खाली उतरल्या.

मळणीनंतर ताईंनी दाणे भिजवून, मीठ घालून उकडले. डॉक्टरांनी दोनदा वाढून घेतले. पुढच्या पेरणीला ताईंनी त्यांच्यासाठी बांधावर खुर्ची टाकली आणि कबुतरं हाकलायचं काम दिलं. आपल्याला बढती मिळाली, असं डॉक्टर भेटेल त्याला सांगू लागले.