कपात उरलेली कॉफी

ओट्यावर सहा कॉफ्या होत्या: चार काचेच्या बाटल्यांत, एक पत्र्याच्या डब्यात, एक कागदी पुडीत. पहिल्या पाच धाकट्या लेकीने आणल्या होत्या, एकीपेक्षा एक सुवासिक. पुडी आत्याची. साबण घ्यायला गेली आणि शेजारी स्वस्तात दिसली म्हणून उचलली.

लांबलेल्या तापानंतर बाबांच्या नाकाला वास येईनासा झाला होता. जेवण नकोसं झालं, वजन सात किलोंनी उतरलं. गावाचे कपडे घट्ट-सैल करणारा हा शिंपी स्वतःचीच पँट दोनदा घट्ट करून बसला. डॉक्टर म्हणाले, निदान दूध तरी पोटात जाऊ द्या. पण दूध त्यांच्या घशाखाली उतरायचं ते फक्त कॉफीतून. धाकटी आठव्या दिवशी नोकरीच्या गावी निघणार होती. त्याआधी बाबांना गोड लागेल अशी एक तरी कॉफी तिला सापडायला हवी होती.

रोज सकाळी एक कॉफी. दूध दोनशे मिलिलिटर, पूड दोन ग्रॅम, साखर एक चमचा.

"कशी झालीय, बाबा?"

"झकास!"

दुसऱ्या दिवशीची फक्कड होती. तिसऱ्या दिवशीची तर दोन्हींपेक्षा सरस. पण त्या दिवशी कप उचलताना तिला तो जड लागला. तिने उरलेली कॉफी मोजपात्रात ओतली. एकशे चाळीस.

"तू त्याच्या तोंडाकडे टक लावून बसतेस," आत्या म्हणाली, "मग तो बिचारा काय बोलणार? लहानपणी मी करपवलेलं दूधसुद्धा छान छान म्हणत प्यायचा. आणि मागच्या दारी ओतून यायचा."

तेव्हापासून धाकटीने विचारणंच सोडलं. शिलाई मशीनशेजारी कप ठेवायचा, निघून यायचं, नंतर उरलेलं मोजायचं. चौथी, पाचवी, मग पहिल्या दोन पुन्हा: एकशे वीस, एकशे पस्तीस, एकशे तीस, एकशे पंचेचाळीस.

सातव्या दिवशी दुपारी आत्याने स्वतःसाठी पुडीतली कॉफी केली. धाकटीने तिच्याच कपातून एक घोट घेतला.

"आत्या, अगं काय हे! कडू जहर!"

"असू दे. वास नाही हिला, पण कडू तरी लागते."

धाकटी थबकली. तिने नाक चिमटीत धरलं आणि महागड्या बाटलीतली कॉफी करून प्यायली. नुसतं कोमट, गोड दूध. मग पुडीतली. ती होती तशीच कडू.

"सुवास नाकाचा, कडूपणा जिभेचा," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "हे मला कॉलेजात शिकवलंय गं. आणि आठवडाभर मी बाबांना अत्तर पाजतेय!"

"शिकलीस ना शेवटी? मग झालं तर."

आठव्या दिवशी बॅग दाराशी होती. पुडीतली कॉफी, दूध-साखर तेवढंच. धाकटी कप ठेवून स्वयंपाकघरात आली. मशीनची घरघर थांबली. बराच वेळ सुरूच झाली नाही.

"ही कुणी केली?" बाहेरून बाबांचा आवाज आला.

"का? मी केली," आत्याने दडपून सांगितलं.

"तरीच! केवढी कडू!"

मशीन पुन्हा सुरू झालं. धाकटीने कप आत आणला आणि मोजपात्रात उपडा केला.

सहा मिलिलिटर.